प्रकल्प नोंदी: वाचनालयाचा संगणक नेमका कुठल्या डिस्कवरून उठतो?

३१ मे २०२५, शनिवार

ही वही वाचनालयाच्या कपाटात राहणार आहे. खजिनदार काका ती खरोखर वाचतात, म्हणून कमांडची नावंसुद्धा देवनागरीतच लिहितोय.

काम काय, ते आधी. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये वडोदऱ्यात विश्वामित्रीला पूर आला तेव्हा सयाजीगंजातल्या आपल्या खोलीत पाणी शिरलं होतं. पुस्तकं वरच्या माळ्यावर नेता आली, कारण ती हातांनी उचलता येतात. संगणक टेबलाखाली तसाच राहिला. नशीब म्हणजे पाणी डब्याच्या तळाशी येऊन थांबलं आणि चारच बोटांवर असलेली हार्ड डिस्क वाचली. सभासदांची यादी, देवघेवीच्या नोंदी, चार वर्षांचं सगळं तिच्यातच आहे.

यंदा पावसाआधी ठरलं की अख्खी प्रणाली बाहेरच्या एका एसएसडीवर न्यायची. यूएसबीला लावायची, संध्याकाळी काढायची, वरच्या कपाटात ठेवायची. पाणी आलं तर डबा भिजेल, काम भिजणार नाही. काकांना कल्पना फार आवडली. म्हणाले, सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन साहेबांना आणून ग्रंथालय खातं उभं केलं, तेव्हा पुस्तकंसुद्धा लाकडी पेट्यांतून गावोगाव फिरायची. "आता आपली पेटी खिशात मावते एवढंच."

७ जून २०२५, शनिवार

रावपुऱ्यातून ५०० जीबीची एसएसडी आणि तिचं यूएसबीचं कवच आणलं. आतली जुनी डिस्क ३२० जीबीची, तिच्यावर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली.

नवीन इन्स्टॉल करून सगळं परत जुळवायचा कंटाळा केला. पेनड्राइव्हवरून लाइव्ह प्रणाली (डिस्कवरची न उठवता चालणारी) चालू करून डीडी या नकलेच्या कमांडने आतली डिस्क बाइट-न-बाइट बाहेरच्या डिस्कवर उतरवली. मागचा पोर्ट यूएसबी २ चा निघाला. अडीच तास. मधे सेव-उसळ खाऊन आलो तरी आकडा अर्ध्यावरच.

पहिल्या झटक्यात बाहेरच्या डिस्कवरून सुरू होईना. यूईएफआय फर्मवेअर, म्हणजे बटण दाबल्यावर सगळ्यात आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम, बाहेरून लावलेल्या डिस्कवर एका ठरलेल्या जागी ठरलेल्या नावाची फाइल शोधतं, ईएफआय फोल्डरातल्या बूट फोल्डरात 'बूटएक्स६४'. डेबियन ती आपणहून ठेवत नाही, स्वतःच्या नावाच्या फोल्डरात लोडर, म्हणजे प्रणाली उठवणारा छोटा प्रोग्राम, ठेवतं. लोडरची प्रत त्या नावाने ठेवली आणि गाडी चालली. सेटअपमध्ये जाऊन यूएसबीला पहिला नंबर दिला. आतली डिस्क तशीच जोडलेली ठेवली. असू दे, एक बिघडली तर दुसरी आहे.

(२९ जूनला जोडलेली टीप: वरचं शेवटचं वाक्य मी लिहिलंय. खोडत नाही.)

८ जून २०२५, रविवार

टेबलावर बसणाऱ्या काकूंना क्रम समजावला. सकाळी डिस्क लावायची, मग बटण. संध्याकाळी आधी बंद, मग डिस्क काढायची. त्यांनी कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं.

२१ जून २०२५, शनिवार

तक्रार. मंगळवारी ज्यांना कादंबरी दिली ते आज परत द्यायला आले, तर संगणक म्हणतो पुस्तक दिलेलंच नाही. काकू म्हणाल्या, "अरे, मी घातलेल्या नोंदी कधी दिसतात, कधी गायब होतात. परवा गेलेल्या काल परत आल्या." मला वाटलं, देवघेवीच्या प्रोग्रामात बग असेल. दोन तास त्यातच घालवले. काही सापडलं नाही.

पण "परत आल्या" हा शब्द डोक्यात राहिला. बग नोंदी खातो. खाल्लेल्या परत देत नाही.

काकू कागदी वहीतही लिहितात हे आज कळलं. जुनी सवय, सोडली नाही म्हणे. त्यांचे पाय धरायला हवेत.

२२ जून २०२५, रविवार

वाचनालय बंद झाल्यावर दुपारी एकटाच बसलो.

आधी डिस्क लावली, मग बटण दाबलं, आणि खात्रीसाठी फर्मवेअरची यादी उघडून यूएसबीची ओळ स्वतःच्या बोटाने निवडली. प्रणाली उठली. टर्मिनल उघडून साधा प्रश्न विचारला, मूळ फोल्डर कुठल्या डिस्कवरून जोडलंय? फाइंड-एमएनटी कमांड म्हणाली: एसडीए, दुसरं पार्टिशन (डिस्कचा कप्पा).

एसडीए म्हणजे कोण? या नावांवर विसंबायचं नसतं. कर्नलला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला, जी डिस्क आधी दिसते ती एसडीए, नंतरची एसडीबी. आजची 'ए' उद्या 'बी' होऊ शकते. म्हणून एलएस-बीएलके कमांडला आकार आणि जोडणीचा प्रकारही दाखवायला सांगितलं. एसडीए: २९८.१ जी, साटा (डब्याच्या आतली तार). एसडीबी: ४६५.८ जी, यूएसबी. (३२० जीबीची डिस्क २९८ दिसते ती चोरी नव्हे. डिस्क बनवणारा हजाराने मोजतो, कमांड १०२४ ने.)

म्हणजे मी बोटाने बाहेरची निवडली आणि चालू आहे आतली.

बोटावर शंका घेतली. यूईएफआयमध्ये त्याचा पुरावा असतो. आपण या वेळी यादीतल्या कुठल्या नोंदीवरून सुरू झालो, हे फर्मवेअर 'बूट-करंट' नावाच्या चलात लिहून ठेवतं. ईएफआय-बूट-एमजीआर कमांडने पाहिलं: ०००३. आणि ०००३ समोर यूएसबीचीच ओळ. बोट बरोबर होतं.

एक उत्तर सांगतं बाहेरची, दुसरं सांगतं आतली, आणि दोन्ही खरी आहेत. चहा ठेवला.

त्याच यादीत ०००१ वर 'डेबियन' अशी नोंद आहे. तिचा तपशील मोठा करून पाहिला तर त्यात तार, पोर्ट, काहीही नाही, फक्त पार्टिशनचा लांबलचक ओळख क्रमांक आणि फाइलीचा रस्ता. फर्मवेअरने सगळ्या डिस्का धुंडाळून तो क्रमांक ज्या पार्टिशनला असेल ते घ्यायचं, असा तो अर्धवट पत्ता. मग बीएलके-आयडी चालवली. आतल्या डिस्कचे तिन्ही क्रमांक आणि बाहेरच्या डिस्कचे तिन्ही क्रमांक, अक्षर-न-अक्षर एक.

अर्थातच. डीडी बाइट उतरवते. ओळख क्रमांकही बाइटच असतात.

आता /प्रॉक/सीएमडीलाइन वाचली, म्हणजे लोडरने कर्नलला दिलेली चिठ्ठी. त्यात लिहिलंय, अमुक यूयूआयडी (ओळख क्रमांक) असलेली फाइल-सिस्टिम, म्हणजे पार्टिशनवरची फायलींची मांडणी, मूळ म्हणून जोड. तो यूयूआयडी दोघींचा आहे. कर्नलसोबत मेमरीत चढणाऱ्या सुरुवातीच्या छोट्या रॅम-प्रणालीला जी आधी सापडली ती तिने घेतली. साटाची डिस्क सहसा आधी हजर असते, यूएसबीवाली दीड-दोन सेकंद मागून येते.

घरी जाताना डोक्यात हेच की 'संगणक कशावरून सुरू झाला' हा एक प्रश्न नाहीच. फर्मवेअरने लोडर कुठून उचलला, लोडरने कर्नल कुठून उचलला, आणि कर्नलने फायली कुठल्या जोडल्या, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. एकच डिस्क असताना तिघांचं उत्तर एक येतं, म्हणून वेगळेपण कधी जाणवत नाही.

२८ जून २०२५, शनिवार

अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी वाचनालयाची सभासद आहे, ती मदतीला आली. तिचा पहिलाच प्रश्न नेमका होता: "दादा, कर्नलला स्वतःलाच कसं कळत नाही की आपण कुठून आलो?"

कळत नाही, कारण सांगणारा निघून गेलेला असतो. जुन्या बायोसमध्ये, म्हणजे यूईएफआयच्या आधीच्या फर्मवेअरमध्ये, तर गोष्ट अगदी तोकडी होती. बायोस डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर मेमरीत ठेवायचा आणि प्रोसेसरच्या डीएल नावाच्या छोट्या रजिस्टरात डिस्कचा नंबर सोडायचा. पहिल्या हार्ड डिस्कचा हेक्सामध्ये (सोळाच्या पायाच्या मोजणीत) ८०, पहिल्या फ्लॉपीचा शून्य. त्या ५१२ बाइटपैकी ४४६ कोडचे, ६४ पार्टिशनच्या तक्त्याचे, शेवटचे दोन सहीचे. तेवढ्या कोडने पुढच्याला उठवायचं, त्याने त्याच्या पुढच्याला. कर्नल उठून स्वतःच्या ड्रायव्हरने डिस्का मोजायला लागतो तेव्हा बायोसचा '८०' आणि त्याचा 'एसडीए' यांचा एकमेकांशी काही संबंध उरलेला नसतो. लिनक्समध्ये त्यावर ईडीडी नावाचा उपाय आहे. बायोसच्या प्रत्येक नंबरच्या डिस्कची पहिल्या सेक्टरात, त्या ४४६ च्याच शेवटाकडे असलेली डिस्कची वेगळी चार बाइटची सही वाचून ठेवायची आणि नंतर ती कुठल्या डिस्कशी जुळते ते बघायचं. ती म्हणाली, "पण क्लोन केली तर सहीपण तीच ना?" हो. तिथेही तेच झालं असतं.

मग तिने स्वतःच्या लॅपटॉपवरच्या विंडोजचं विचारलं. थोडक्यात सांगितलं: पॉवरशेलमध्ये (विंडोजच्या कमांडच्या खिडकीत) गेट-डिस्कला विचारलं तर प्रत्येक डिस्कसमोर 'इज-बूट' आणि 'इज-सिस्टम' असे दोन वेगळे होकार-नकार मिळतात. गंमत म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या भाषेत ज्या पार्टिशनवर सुरू करायच्या फायली असतात ते 'सिस्टम', आणि ज्यावर विंडोज असतं ते 'बूट'. उलटं वाटतं, पण तसंच आहे. मी आजही दर वेळी अडखळतो.

पुन्हा आपल्या यंत्राकडे. ग्रब म्हणजे डेबियनचा लोडर. त्याचा काळा पडदा आला तेव्हा सी दाबून त्याच्या आत शिरलो. ग्रबकडे दोन चलं असतात. 'सीएमडीपाथ', म्हणजे मी स्वतः कुठून उचलला गेलो. आणि 'रूट', म्हणजे आता पुढच्या फायली मी कुठून घेणार आहे. पहिलं म्हणालं एचडी१, दुसरं म्हणालं एचडी०. आकार पाहिले तर एचडी१ मोठी, म्हणजे बाहेरची. आकार वेगळे होते म्हणून हे कळलं. ३२० ची नवीन एसएसडी मिळाली असती तर इथेच भिंतीला डोकं आपटलं असतं.

बाहेरच्या डिस्कवरचा लोडर कर्नल आतल्या डिस्कवरून का आणतो? ग्रबची छोटी फाइल उघडली. तिच्यात एकच ओळ महत्त्वाची: हा यूयूआयडी शोध, आणि आधी एचडी० च्या दुसऱ्या पार्टिशनवर बघ. हा 'आधी इथे बघ' इशारा चार वर्षांपूर्वी इन्स्टॉल करताना लिहिला गेला, तेव्हा घरात एकच डिस्क होती. क्लोनमध्ये तो तसाच आला. बाहेरची डिस्क उठते आणि जुन्या इशाऱ्याप्रमाणे आतलीचं दार ठोठावते.

यानंतर खरं काम: ११ दिवसांच्या नोंदींपैकी कुठल्या कुठे आहेत? दोन्ही डिस्का लाइव्ह प्रणालीतून उघडल्या. फक्त वाचण्यासाठी, आणि 'नोलोड' हा पर्याय देऊन, कारण ईएक्सटी४ ही फाइल-सिस्टिम नुसती वाचायला जोडली तरी आपलं जर्नल (अर्धवट राहिलेल्या लेखनाची नोंद) निस्तरायला डिस्कवर लिहू शकते, आणि पुराव्यावर आपले ठसे उमटवायचे नसतात. प्रत्येक डिस्कवर जर्नल-सीटीएलला विचारलं, तुझ्यावर प्रणाली कधी कधी उठली? प्रणालीची ही रोजनिशी (फाइल-सिस्टिमच्या जर्नलहून वेगळी) डेबियन डिस्कवर साठवतं, त्यामुळे तारखांसकट यादी मिळाली.

१० ते २१ जून, सोमवारची सुट्टी वगळून ११ दिवस. आतल्या डिस्कवर ७, बाहेरच्या डिस्कवर ४. दोघींच्या तारखा एकमेकींत दातांसारख्या बसतात, एकही दिवस दोन्हीकडे नाही, एकही सुटलेला नाही. काकूंच्या 'गायब' आणि 'परत आल्या' यांचा सगळा हिशोब त्यात आहे.

पण सातच्या सात दिवसांचं कारण एक नाही. कर्नलच्या नोंदीत यूएसबी डिस्क दिसल्याची वेळ असते. पाच दिवशी ती प्रणाली उठल्यावर दोन-तीन मिनिटांनी दिसली आहे. म्हणजे आधी बटण, मग डिस्क. राहिलेल्या दोन दिवशी डिस्क पहिल्या दोन सेकंदांत हजर होती, तरी आतलीच जोडली गेली. ते दोन दिवस माझे, पाच दिवस काकूंचे. विद्यार्थिनीला मी तसं म्हणालो, तर ती म्हणाली, "पाचही तुमचेच आहेत. चुकीच्या क्रमाने लावली तर यंत्राने थांबायला हवं होतं, गुपचूप दुसरीवरून सुरू व्हायला नको होतं." मान्य.

आणि ते चार 'बरोबर' दिवस? तिथे अजून मजा. चारही दिवशी आतल्या डिस्कबद्दल कर्नलने नोंदवलंय की जोडणी प्रतिसाद द्यायला वेळ घेतेय, कृपया धीर धरा. कर्नल खरंच 'कृपया' म्हणतो. म्हातारी डिस्क अडखळली, तेवढ्यात बाहेरची पुढे गेली. माझी मांडणी बरोबर होती म्हणून नव्हे, जुनी डिस्क दमली होती म्हणून ते चार दिवस बरोबर. त्यातही कर्नल बहुधा आतल्या डिस्कचाच होता आणि फायली बाहेरच्या. या मधल्या काळात कर्नलचं अपडेट आलं नाही हे नशीब. आलं असतं तर एका डिस्कचा कर्नल आणि दुसरीची मॉड्यूलं (कर्नलचे सुटे भाग) अशी खिचडी झाली असती आणि कदाचित कीबोर्डही चालला नसता.

२९ जून २०२५, रविवार

सकाळी काकांना सगळं सांगायला बसलो. यूयूआयडी कसा समजवायचा याची घरून तयारी करून गेलो होतो. पहिल्या दोन वाक्यांतच त्यांनी थांबवलं. "म्हणजे दाखल क्रमांक. एका पुस्तकाच्या दोन प्रती घेतल्या तरी दाखल क्रमांक दोन देतो आपण. अक्षर-न-अक्षर तेच पुस्तक असलं तरी. तू दोन प्रतींना एकच क्रमांक दिलास आणि विचारतोयस पुस्तक कोणाकडे आहे."

माझी तयारी खिशातच राहिली.

मग दुसरा विषय: आतली डिस्क सुरू होण्याजोगी ठेवायची का? काका म्हणाले ठेवू, अडीनडीला. मी म्हणालो नको. अडीनडीची म्हणून ठेवलेली गुपचूप कामाला लागली, त्यातूनच हा घोळ झाला. अडीनडीला डेटाची प्रत हवी, दुसरा सिंहासनावर बसणारा नको. बराच वेळ गेला. काकू मधेच म्हणाल्या, "बाहेरची नसेल तर चालूच होऊ नये. मग मला कळेल तरी." तिथे ठरलं.

दुपारी आतल्या डिस्कची तार काढून ठेवली. हे कागदावर किरकोळ वाटतं, पण जुळ्यांपैकी एकाचं नाव बदलायचं तर दुसऱ्याला आधी खोलीबाहेर काढावं. लाइव्ह पेनड्राइव्हवरून एसजीडिस्कने आधी जीपीटी तक्त्याची (पार्टिशनच्या यादीची) राखीव प्रत डिस्कच्या खऱ्या टोकाला नेली. ३२० ची नक्कल ५०० वर उतरली होती, त्यामुळे ती मधेच लटकत होती. मग डिस्क आणि सगळ्या पार्टिशनना नवे क्रमांक. फाइल-सिस्टिमची आधी पूर्ण तपासणी, मग ट्यून-टू-एफएसने नवा यूयूआयडी. स्वॅपलाही (मेमरी अपुरी पडली तर वापरायच्या पार्टिशनला) नवा. त्यानंतर त्या डिस्कवरच्या प्रणालीत शिरून एफएस-टॅब फाइल (काय कुठे जोडायचं याची यादी) सुधारली आणि ग्रब नव्याने बसवला, त्याच्या बाहेरच्या डिस्कसाठीच्या ठरलेल्या नावासकट, म्हणजे तो 'आधी इथे बघ' इशाराही नवा लिहिला गेला.

पहिल्यांदा सुरू केलं तर अर्धा मिनिट पडदा काळा, मग संदेश: सस्पेंडची डिस्क मिळाली नाही, वाट बघणं सोडलं. स्वॅपचा जुना क्रमांक आणखी एका फाइलीत लपलेला होता, रॅम-प्रणालीच्या मांडणीत, 'रिझ्युम' नावाच्या. तो बदलून रॅम-प्रणाली पुन्हा बांधली. आता नीट उठतं.

फर्मवेअरच्या यादीतली जुनी 'डेबियन' नोंद काढून टाकली. तिचा अर्धवट पत्ता आता आतल्या डिस्कशीच जुळला असता.

५ जुलै २०२५, शनिवार

काकूंसाठी पट्टी बनवली. पडद्याच्या वरच्या कडेला एक रंगीत ओळ. बाहेरची डिस्क चालू असेल तर हिरवी, नाहीतर लाल, अक्षरं मराठीत. विद्यार्थिनीने लिहिली, मी फक्त खोड्या काढल्या.

तिचा पहिला प्रयत्न: सिस-एफएसमध्ये (कर्नल यंत्राची माहिती फायलींसारखी दाखवतो तिथे) प्रत्येक डिस्कसमोर 'रिमूव्हेबल' असा शून्य-एक असतो, तो बघायचा. आपल्या एसएसडीसमोर शून्य. त्या खुणेचा अर्थ 'डबा हातात धरून काढता येतो' असा नाही, 'डब्यातलं माध्यम काढता येतं' असा आहे. पेनड्राइव्ह स्वतःला काढता येणारा म्हणवतो, यूएसबी कवचातली डिस्क सहसा म्हणवत नाही.

दुसरा प्रयत्न: यूडेव्हकडून (जोडलेल्या उपकरणांची ओळख ठेवणाऱ्या प्रोग्रामकडून) 'आयडी-बस' मागायचं. उत्तर आलं 'एटीए'. कवच आतल्या डिस्कला थेट प्रश्न पोचू देतं, त्यामुळे यूडेव्हला डिस्कची खरी जात कळते आणि तो तीच सांगतो. खोटं नाही, पण आपल्या उपयोगाचं नाही. आपल्याला जात नको, तार हवी.

तिसऱ्यांदा जमलं. मूळ फोल्डर कुठल्या पार्टिशनवर आहे ते फाइंड-एमएनटीकडून, त्या पार्टिशनची डिस्क कोणती ते एलएस-बीएलकेकडून, आणि मग सिस-एफएसमध्ये त्या डिस्कच्या नावाचा जो दुवा असतो तो शेवटपर्यंत उलगडायचा. मदरबोर्डपासून डिस्कपर्यंतचा अख्खा रस्ता त्यात असतो, आणि रस्त्यात यूएसबी लागलं की लागलं. वर डिस्कचा अनुक्रमांकही ताडून बघतो, म्हणजे कोणी भलतीच डिस्क लावली तर पट्टी पिवळी.

पट्टी फक्त तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते, फायली कुठल्या. लोडर कुठला हे बूट-करंटमधून कळतं, तेही खाली बारीक अक्षरात टाकलं. कर्नल कुठल्या डिस्कवरून आला ते चालू प्रणालीत सरळ विचारायची सोय आपल्या डेबियनमध्ये नाही. ग्रब चिठ्ठीत कर्नलचा रस्ता लिहितो पण डिस्क लिहीत नाही. फेडोराच्या चिठ्ठीत डिस्कही लिहिलेली असते. ते हवं होतं.

दिवाणखान्यातल्या सूचीच्या पडद्यामागे रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा संगणक आहे. तिथे हेच काम फार सोपं निघालं. त्याचा बूटलोडर डिव्हाइस-ट्रीमध्ये (यंत्राच्या भागांच्या यादीत) 'बूट-मोड' नावाची नोंद ठेवून जातो: १ म्हणजे कार्ड, ४ म्हणजे यूएसबी. मोठ्या यंत्रांना एवढी रीत का नसावी?

६ जुलै २०२५, रविवार

आज देवपोढी अगियारस, आपली आषाढी. गावात विठ्ठलनाथजींचा वरघोडा, रस्ते बंद, म्हणून सकाळी लवकरच येऊन बसलो. काकूंनी साबुदाण्याची खिचडी आणली.

दोन्ही डिस्कवरच्या नोंदी एकत्र केल्या. तारखा एकमेकींवर येत नाहीत, म्हणून सोपं जाईल असं वाटलं होतं. पण प्रत्येक देवघेवीला प्रोग्राम चढता नोंद क्रमांक देतो, आणि दोन्ही डिस्का ७ जूनच्या त्याच आकड्यापासून पुढे मोजत गेल्या. ४१२ आतल्या डिस्कवर एका आजोबांचं पुस्तक, बाहेरच्या डिस्कवर दुसऱ्याच मुलीचं. पुन्हा तोच दाखल क्रमांकाचा दोष, एक मजला वर. सगळ्या नोंदी वेळेप्रमाणे लावून नवे क्रमांक दिले आणि एकेक ओळ काकूंच्या कागदी वहीशी ताडली. काकू वाचत गेल्या, मी खूण करत गेलो. तीन ठिकाणी फरक निघाला. तिन्ही ठिकाणी वही बरोबर होती.

मग आतल्या डिस्कची तार परत जोडली, तिच्यावरच्या सगळ्या सह्या (आत काय आहे हे सांगणाऱ्या खुणा) पुसल्या आणि एकच मोठं पार्टिशन केलं. दर रात्री बंद होण्याआधी डेटाची प्रत तिच्यावर जाते. सुरू करता येईल असं तिच्यावर आता काहीही नाही.

१२ जुलै २०२५, शनिवार

आठवडाभर पट्टी हिरवी. बुधवारपासून पाऊस धरलाय. काकूंनी रोज डिस्क वर नेली, प्लास्टिकच्या पिशवीत घालून.

आज सकाळी साडेनऊला त्यांचा फोन. "अरे, पडदा काळा आहे आणि इंग्रजीत काहीतरी लिहिलंय. योग्य बूट डिव्हाइस निवडा की काय, असं."

"डिस्क कुठे आहे काकू?"

थोडा वेळ काही नाही. मग जिन्यावरची पावलं, कपाटाचा आवाज, पिशवीचा आवाज.

"लावली. आता?"

"आता बटण."